ड्व

धुळ्यात, गल्ली नंबर चारमध्ये, पत्र्याच्या छपराखाली
आमचा छापखाना. मी हिरामण बोरसे, खिळे जुळवणारा.
त्या माणसाला मी कधी पाहिलं नाही.
फोटोचा ब्लॉक मुंबईहून यायचा, परवडायचा नाही.
नाव मात्र शंभरेक वेळा बोटांनी उचललं,
उलटं, जसं शिशात असतं तसं:
क्वेकू अम्पोन्सा-ड्वीरा.

पहिल्यांदा आलं तेव्हा कापडणीस मास्तर म्हणाले,
"आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याला नवा देश झालाय.
हा त्याचा मुख्य. तुरुंगातून थेट खुर्चीवर.
आधी शाळामास्तर होता, बाप भुईमूग पेरायचा."
भुईमूग म्हटल्यावर मी मान वर केली.

केसमध्ये सगळं होतं, ड्व तेवढा नव्हता.
पायमोडका ड लावला तर नाव लंगडतं.
रात्री कंदिलापाशी दोन खिळे कानशीने घासले,
एकाच्या कुशीत दुसरा बसवला.
सकाळी चार कॉलमांत तो सरळ उभा राहिला.

मग वर्षं. त्याने बंदर बांधलं, मुलींच्या शाळा काढल्या,
धरणाची कळ दाबली. ती बातमी लावली त्या दिवशी
पांझरेत बाया वाळू उकरून वाट्यांनी पाणी भरत होत्या.
घरी गेलो की सुभद्रा विचारायची,
"तुमना मंत्री काय म्हनस?"
जसा तो शिरपूरच्या एस.टी.ने येणार होता.

नंतर टाइप बारीक होत गेला.
विरोधी पुढारी स्थानबद्ध, बारा पॉइंट.
निवडणूक पुढे ढकलली, दहा.
एका संध्याकाळी मास्तरांनी रेडिओ ऐकून
पाकिटाच्या पाठीवर उतरवलेला मजकूर दिला:
राजधानीतला छापखाना सील. मालक फरार.
कंपोझिटर अटकेत.
त्याचं नाव दिलं नव्हतं.

स्टिक हातात धरून उभा राहिलो.
शाईचा वास तिथेही असाच असेल,
अंगठ्याचं नख तिथेही असंच काळं.
हुकूम कुणाचा, ते पुढच्या ओळीत होतं.
मी नाव लावलं. बरोबर लावलं.
ड्व पुसून पुन्हा त्याच्या घरात ठेवायचा असतो;
तो मोडक्या खिळ्यांच्या डब्यात टाकला.

त्याच्या पुढच्या जूनमध्ये आमचा अग्रलेख कोरा गेला.
लोकांना वाटतं कोरं म्हणजे काही नाही.
कोरी जागाही जुळवावी लागते,
न उमटणारं शिसं ओळीओळीने भरावं लागतं.
त्या दिवशीची चौकट उचलायला
दोघं लागलो, मी आणि यादव मशीनमन.

तिकडे पहाटे रणगाडे आले. हा परदेशात भाषण करत होता,
तिथेच राहिला.
डब्यातून ड्व शोधून काढावा लागला.
मास्तर म्हणाले, "वाईट झालं."
मी म्हटलं, "कोणाचं?"
ते चष्मा पुसत बसले.

अकरा वर्षांनी माफी मिळाली, परतला,
आपल्याच गावातून उभा राहिला आणि पडला.
ती बातमी बाजारभावाच्या खाली दोन ओळी,
कापूस आणि केळीच्या मध्ये कुठेतरी.

मेला तेव्हा मी घरी बसलो होतो.
छापखान्यात कॉम्प्युटर आला होता, शिसं किलोवर गेलं होतं.
पेपरात शेवटच्या पानावर छापलं: द्विरा.
सायकल काढली. उन्हात आग्रा रोडने गेलो.
पोरगा म्हणाला, "बाबा, धुळ्यात कोण ओळखतं त्याला?"
चांगला पोरगा होता. पाणी दिलं मला.

खिळा माझ्याकडे आहे, सुपारीच्या डबीत.
परवा नातीने तो अंघोळीच्या साबणावर दाबला,
"आबा, हे तर सरळ आलं!"
म्हटलं, हो.
तीन दिवस दिसत होता.